पीळ

पत्रकातलं पहिलंच वाक्य: वारा नसताना बसवावे.
रम्समध्ये असं कधी असतं, मी सरखोतला विचारलं.
म्हणाला, पहाटे. फजरला वारासुद्धा थांबतो.

म्हणून शुक्रवारी, एसीच्या कामाला सुट्टी तेव्हा,
मौझाबाईंच्या गच्चीवर, डोक्याला बॅटऱ्या बांधून:
सहा मीटर पाइप, ताणायला चार तारा,
आणि अबूधाबीतल्या मुलानं मागवलेलं खोकं.
चारशे वॅट, असं खोक्यावर.
खोकं काय, काहीही बोलतं.

पाती आम्ही उलटी लावली.
फुगीर अंग वाऱ्याला, सपाट अंग पाठीला.
उजाडलं, शमाल उठला, खारफुटीतले बगळे तिरके झाले
आणि आमचं चक्र नुसतं मान हलवत उभं,
लग्नात न बोलावलेल्या काकासारखं.
पाइप आडवा. बारा नट. पाइप उभा.
मग मात्र असं सुटलं
की सरखोतची टोपी शेजारच्या कोंबड्यांत.

तेरा रात्री दिवा जळला, जाळी ठेवायच्या पडवीत.
चौदाव्या दिवशी फोन, बाईंच्या आखाती हिंदीत:
"फिरता है बहुत. देता कुछ नहीं. मेरा लडका माफिक."
मी हसलो नाही. माझ्या घरीही फोन आहे.

बॅटरी अकरा पूर्णांक सहा.
फ्यूज शाबूत. डबीवरचा लाल दिवा मिचमिच.
वर चक्र पिसाटलेलं, कापड फाडल्यासारखा आवाज.
भार सुटला की असंच होतं,
जोडलेलं असतं तेव्हा ते जरा जपून फिरतं.
तिन्ही वायरी डबीतून काढल्या, एकमेकींना चिकटवल्या.
यावर थांबायला हवं होतं.
हळू झालं, घुमलं, थांबलं नाही.
पुन्हा सुट्या केल्या, मीटर लावला.
पहिली-दुसरी: आकडा.
दुसरी-तिसरी: काही नाही.
पहिली-तिसरी: काही नाही.
मग परत फजरची वाट.

पाइप आडवा करताना मी म्हणत होतो, मीठ.
इथे बिजागऱ्या खातं, नळ खातं, सायकलचे आरे खातं.
बाई खाली खुर्चीत. मीठबीठ नाही म्हणाल्या.
शमाल होता, मग तीन रात्री कौस,
मग नाशी, मग परत शमाल.
बोटानं हवेत गोल काढला. असे अकरा.
नवऱ्याची होडी बाहेर असायची
तेव्हापासून मोजतात त्या.

शेपूट वाऱ्यामागे, वायर शेपटामागे.
स्वस्तातल्या यंत्राला आतली फिरकी नसते.
अकरा वेढे, घट्ट, वेणीसारखे,
आणि शेवटच्यात तिसरीचं तांबं
केसासारखं तुटलेलं.

आमच्याकडे सुंभ जळतो, पीळ जात नाही.
हे मी त्यांना हिंदीत सांगायला गेलो. जमलं नाही.
तोवर वायर त्यांच्या मांडीवर,
आणि बोटं उलट्या दिशेनं चालू,
जाळ्याची ओली गाठ सोडवावी तशी,
माझ्याकडे न बघता.

खाली प्लग बसवून दिला.
आता दर गुरुवारी फजरनंतर त्या प्लग काढतात,
पीळ उतरवतात, मला फोन करतात.
सलाम नाही, तब्येत नाही. नुसता आकडा.
"सात."
शारजात सहाव्या मजल्यावर
कुणाच्या तरी एसीमागे पट्ट्याला लटकलेला मी,
तोंडात स्क्रू, म्हणतो, "सात."

गेल्या गुरुवारी म्हणाल्या, "दोन. उलटे."
आणि ठेवला.
मी स्क्रू खिशात टाकला,
अंगठा जिभेला लावून
बाहेर धरला.