हजेरी

वीज गेली तेव्हा रोपवेचा सतरा नंबरचा डबा
नदीच्या बरोब्बर मध्यावर होता.
अजून तिथेच आहे. वारा सुटला की कुरकुरतो.
बेसो म्हणतो, म्हातारी कूस बदलतेय.

मोठी माणसं पीठ आणायला कुताइसीला गेली.
तीन दिवसांत येतो, म्हणाली.
आम्ही खाणवाल्यांची पोरं, नखांत मँगनीज घेऊन जन्मलेली,
वजनं-मापं आमच्या हाडांत.
पण ते तीन दिवस आता कुणी मोजत नाही.

दारेजान रोज सकाळी हजेरी घेते.
सोळा वर्षांची. अंगात आईचा कोट, बाह्या दुमडलेल्या,
हातात आठवी ‘ब’चं रजिस्टर.
बाकं जाळली आम्ही, नकाशे जाळले
(प्रशांत महासागर बराच वेळ पुरला),
रजिस्टर नाही.
चौतीस नावं आहेत. आम्ही नऊ.
उरलेल्यांसाठी कुणी ना कुणी ‘हजर’ म्हणतं.
ठरवलं नव्हतं, होत गेलं.

ओतारसाठी मी म्हणायचे.
माझा भाऊ. नोव्हेंबरात बोगद्यात केबल कापायला गेला,
तांब्याच्या बदल्यात मीठ मिळतं म्हणून.
मीठ आलं.
आणून देणारा दुसराच होता.

फेब्रुवारीत एका सकाळी
दारेजान म्हणाली, ओतार,
मी तोंड उघडलं,
आणि दारातून आवाज आला: हजल.

सात वर्षांचा असेल. पायांना प्लॅस्टिकच्या पिशव्या,
त्यावर सुतळी.
जिन्यात बसून ऐकत असणार, किती दिवस देव जाणे,
कुठल्या नावाला आवाज येतो
आणि त्या आवाजाला अंग नाही.
हजेरीनंतर भाकरी असते, हेही.

ख्विचा म्हणाला, पीठ अकरा दिवसांचं आहे.
खरं होतं ते.
कुणी काही बोललं नाही. डबा कुरकुरला.
मला राग आला होता, असा राग
की त्याच्या पायांची सुतळी सोडून
त्याला तसाच बर्फात पाठवावा.

दारेजाननं त्याच्याकडे पाहिलंच नाही.
माझ्याकडे पाहत राहिली,
पेन्सिल कागदाला न टेकवता.

मग मी लाकडी पट्टी घेतली,
मक्याची भाकरी पुन्हा मापली.
आकडे पुसट झालेत पट्टीवरचे,
एक तुकडा जरा मोठा निघाला.
कुणाला गेला, मी बघितलं नाही.

आता मार्च आहे. पीठ कसं पुरलं विचारू नका.
तो अजून ‘हजल’च म्हणतो.
बेसो हसतो.
आम्ही कुणी सुधारत नाही.