नमुना

दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधाला साठ नमुने लागतात.
घरी सांगितलं, तर आई म्हणाली,
नमुने शोधायला एवढं फिरायचं कशाला,
एक आपल्या पडवीत बसलेला असतो रोज.

हसलो आम्ही. विषय मंजूर झाला होता:
खाणबंदीनंतर ट्रकमालकांमधलं नैराश्य
आणि जुळवून घेण्याच्या पद्धती.
डॉ. कुलासो म्हणाल्या, फील्ड तुझ्या घरचंच आहे, सोपं जाईल.
सोपं.

प्रश्नावली इंग्रजीतून मी मराठीत आणली,
मराठीतून एका परक्याने परत इंग्रजीत नेली,
दोन्ही टोकं जुळतात का, हे पाहायचं असतं.
सातवा प्रश्न जुळेना.
इथून निघालेलं 'खचल्यासारखं वाटतं'
तिथे पोचलं ते जमीन बसल्यासारखं.
बाईंनी लाल पेनने विचारलं, भूस्खलन?
मी ते लगेच खोडलं नाही.
खाणीच्या कडेला घर असलेल्या माणसाला
तो अनुवाद चुकीचा वाटत नाही.

रविवारी पिशवीत फॉर्म. वेळगे, सुर्ला, पाळी.
गुणो माजीक आपल्याच ट्रकच्या सावलीत बसलेले,
टपावर दुधीचा वेल चढलेला,
हौद्यात सोलं वाळत घातलेली.
'गेल्या दोन आठवड्यांत,' मी वाचते, 'तुम्हाला कितीदा'
ते थांबवतात. दोन आठवड्यांत की सहा वर्षांत?
फॉर्मवर दोनच आठवडे आहेत.
माझ्यावर दया केल्यासारखं
ते 'कधीकधी'वर बोट ठेवतात.
उदास? तें पुस्तकांतलें उतर गो बाये.
जीव थाऱ्यार ना, इतलेंच बरय.

त्याला चौकट नव्हती.
मी समासात लिहून ठेवलं.
समासातल्याला गुण देता येत नाहीत.

रात्री आकडे भरायचे.
प्रमाण विचलन म्हणजे, साध्या भाषेत,
माणसं सरासरीपासून किती लांब जाऊन बसलीत ते.

बाबा रोज सकाळी ट्रक धुतात.
बॅटरी विकली त्याला चार वर्षं झाली,
तरी आरशावर आधी ओलं फडकं, मग कोरडं.
केबिनमध्ये चढून सीट पुसताना
डावा पाय आपोआप क्लचवर जातो.
बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं,
हे जुळवून घेणं की नाकारणं? व्याख्या काय करणार तू?
मी पुस्तक उघडलं.
दोन्ही प्रकरणांत कोणीतरी ट्रक धूत होतं.

एकोणसाठ झाले तेव्हा बाबाच म्हणाले,
एक कागद कमी पडतोय ना, माझा घे.
नाही चालत, म्हटलं. नात्यातला माणूस घेत नाहीत.
का?
तुम्ही मला खरं सांगणार नाही,
सांगितलंत तर मी ऐकणार नाही,
म्हणून नियम आहे.
म्हणजे मी नमुन्यात बसत नाही?
नाही.
आत आईचं भांडं घासणं थांबलं
आणि जरा जास्तच जोरात पुन्हा सुरू झालं.

साठावा शिरगावला मिळाला. बरा माणूस, चहा दिला.

सोमवारी डिचोलीहून पहाटेची कदंबा.
मांडीवर गठ्ठा मोजला: एकसष्ट.
शेवटचा पेन्सिलीने भरलेला.
नाव नाही. गोपनीयता पाळलेली.
वय सत्तावन्न. व्यवसाय ट्रकमालक,
त्यातलं 'मालक' दोनदा गिरवलेलं.
खाली सगळीकडे 'कधीच नाही', 'कधीच नाही',
माझ्या लहानपणच्या पाढ्यांसारखं सरळ रेघेत.
फक्त सातव्यापाशी कुठलीच खूण नाही,
पेन्सिल टेकवून, दाबून, उचललेली,
कागदाला एक बारीक खळगा.

माशेल गेलं. बाणस्तारीचा पूल गेला.
कंडक्टरने पास मागितला
तेव्हा मी चुकून तोच कागद पुढे केला.
त्याने उलटसुलट पाहिला, परत दिला.
हें न्हय, म्हणाला.