नाव ठेवायचं नाही

इलियासभाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
मॅडम, नाव ठेवायचं नाही.
नाव ठेवलं की घर होतं,
आणि आपल्याला नुसता ओटा व्हायचंय
कुणाच्या तरी घराचा.

म्हणून माझ्या वहीत फक्त खुणा आहेत.
काळी, मागचा पाय अधू, रेल्वे गेटजवळ, एकवीस दिवस.
तीन पिल्लं, चपलांच्या खोक्यातून. दोनच दिली.
बोका, पिवळा, जिंतूरला गेला.
शाळेच्या प्रयोगशाळेत बरण्यांवर
चिठ्ठ्या चिकटवते मी,
त्याच अक्षरात.

नावं ठेवायला गल्ली आहेच.
कौसाबाई म्हणतात, पगार कुत्र्याला
आन् नवऱ्याला कालचं वरण.

ही आली तेव्हा परभणीत त्रेचाळीस होतं.
कूलरमधला वाळा दर दोन तासांनी वाळायचा.
अकरावी. उजवा कान अर्धा.
कुकरची शिट्टी झाली की
शिलाई मशीनच्या मागं शिरायची
आणि रात्रीपर्यंत तिथंच.
आम्ही दीड महिना पातेल्यात डाळ शिजवली.
माणिकराव काही बोलले नाहीत.
एकदाच, सिलिंडर उचलताना म्हणाले,
यंदा लवकर संपलं.

दुधात भाकरी कुस्करून ठेवली
की आधी माझ्याकडं बघायची,
मग दाराकडं,
मग भाकरीकडं.
पंधराव्या दिवशी
दाराकडं बघायचं विसरली.
त्या रात्री झोपेत तिचे पाय हलत होते.
कुणाच्या मागं पळत होती
की कुणाच्या पुढं,
कळलं नाही.

गंगाखेडहून बाप-लेक आले.
मृण्मयी, सातवीत, गुडघ्याला खपली.
पावशेर पेढे आणले होते तिनं,
कुत्रीसाठी की आमच्यासाठी
ते तिलाही माहीत नव्हतं.
फॉर्मवर सही, लसीचं कार्ड.
गोणपाट घडी करून दिलं,
आठ दिवस धुऊ नका म्हटलं, वास राहू द्या.
मागच्या काचेतून अर्धा कान दिसला,
मग वसमत रोड,
मग नुसती धूळ.

घरात येऊन मी कुकर लावला.
तीन शिट्ट्या झाल्या.
कुणीच कुठं शिरलं नाही.

चौथ्या दिवशी फोन.
काकू, जेवतच नाही ती.
राणी म्हणायलोत, ब्राउनी म्हणायलोत,
मान पण वळवत नाही.
तुम्ही काय म्हणायच्या?
काही नाही, म्हटलं.
खरंच काही नाही बाळा, नियम आहे तसा.
पेपरमागून माणिकराव म्हणाले,
रोज दहाला, कुलूप लावताना,
खिडकीशी तोंड नेऊन म्हणायचीस की.

काय म्हणणार?
निघताना जाते म्हणत नाहीत आपल्यात.
येते.
येते गं, एवढंच.
आणि संध्याकाळी येतही होते.

फोन मोठ्यानं कर, म्हटलं.
आधी पंख्याचा आवाज आला,
गंगाखेडच्या कुठल्याशा खोलीतला.
येते गं, म्हटलं.
फरशीवर नखं वाजली.
बाबा, उठली! उठली!
दारापाशी जाऊन बसली,
दाराकडं बघायली!

मी फोन ठेवला.
मधेच ठेवला बहुतेक.

आता त्याच नावावर जेवते म्हणे ती.
मृण्मयी दप्तर घेऊन निघताना म्हणते,
आणि पाचला येते.
बरं झालं.
दिलेला शब्द
कुणीतरी पाळतंय.

बारावं मांजर आहे. डोळ्यांत चीक,
खोक्याला इलियासभाईंनीच भोकं पाडलेली.
सकाळी कुलूप लावताना
मी ओठ घट्ट मिटून घेते.
दोन पायऱ्या खाली उतरलेले माणिकराव
चप्पल अडकवत मागं वळतात
आणि खिडकीकडं बघून,
येतो रे.