एक पूर्णांक शून्य चार

मीटरकडे बघायच्या आधीच
पोरं वहीत लिहून मोकळी होतात,
एक पूर्णांक एक शून्य व्होल्ट.
पुस्तकात तसंच आहे. सरांनाही तसंच हवं.
बावीस वर्षं मी इथं बीकर विसळते,
बावीस वर्षांत पंचवटीतल्या या कॉलेजात
जस्त आणि तांबं एकदाही चुकलेलं नाही.

यंदा कॉपर सल्फेटची बाटली तळाला गेली.
ऑर्डर ऑफिसात अडकली, तेव्हा गिरणाऱ्याच्या कडलगच्या पोरानं
घरून डबाभर मोरचूद आणलं,
द्राक्षांवर फवारून उरलेलं,
निळं, पण जरा मळकट.
अगार नव्हतंच, म्हणून क्षारसेतू मीच केला,
गाळणकागदाची पट्टी नायट्रेटच्या पाण्यात भिजवून
एक टोक या बीकरात, एक त्या,
तापात कपाळावर घडी ठेवतात तशी.

बाकीचे आकडेमोडीला लागले.
हिना पिंजारी तेवढी वाकून बघत राहिली.
काटा थरथरला, मागं सरला, थांबला.
तिनं लिहिलं, एक पूर्णांक शून्य चार.
सरांनी त्याभोवती लाल गोल काढला.

मावशी, काटा चुकला की मी?

मी काय सांगणार, मी बारावी नापास.
पण तांबट लेनमध्ये वाढलेय,
झोपेतसुद्धा हंड्यावरचे ठोके मोजलेत.
अण्णा गिऱ्हाइकाला बजावायचे,
तांब्याच्या घागरीला लोखंडी रिबीट मारून घेऊ नका,
पाणी राहिलं की लोखंड सडणार,
तांब्याला काही होणार नाही.
एकटं लोखंड कसं आहे, एकटं तांबं कसं आहे,
हे त्यांना कुणी विचारलं तर हसायचे.
शेजारी काय ठेवलंय ते सांग, म्हणायचे,
मग बोलू.

पुस्तकातले शब्द मात्र मला कधी पटले नाहीत.
जस्त देऊन टाकतं, झिजतं, पाण्यात उतरून दिसेनासं होतं,
त्याला म्हणायचं धनाग्र,
आणि जोडायचं मीटरच्या ऋण खुंटीला.
तांब्याच्या अंगावर तांबं चढतं,
त्याला म्हणायचं क्षपण.
घेणाऱ्याचं क्षपण!
नाव ठेवणाऱ्यानं
एखाद्या घरातली वाटणी बघितली असणार.

आमच्या वाटणीत दुकान भावाकडं गेलं.
त्यानं ते विकलं, सातपूरला स्टीलचे डबे दाबतो आता.
माझ्याकडं आली ही पट्टी, तीही वाटणीआधीच.
नोकरीच्या पहिल्या वर्षी सामान वेळेवर आलं नाही,
तेव्हा अण्णांनी फुटक्या घंगाळाचं बूड कातरून दिलं,
कडा घासून, बोटाला लागू नये म्हणून.
साठ्याच्या रजिस्टरात माझ्याच अक्षरात आहे,
तांबे पट्टी एक, अठरा पूर्णांक सहा ग्रॅम.

सगळे गेल्यावर हिनानं ती तराजूवर ठेवली.
दर वर्षी पॉलिश पेपरनं खरवडून निघते, तरी
एकोणीस पूर्णांक दोन.
आम्ही दोघी काही बोललो नाही.
खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.

मग मी कागद पुन्हा भिजवला, नवा.
काटा शून्य सहावर गेला.
आता कुठला लिहू?
म्हटलं, दोन्ही लिही. आणि खाली लिही,
मोरचूद गिरणाऱ्याचं, घरगुती.
पट्टी तांबट लेनची.
सेतू कागदाचा, पहिल्या वेळी सुकत आलेला.
ती लिहीत गेली, लाल गोलाच्या बाहेर,
समासात, बारीक अक्षरात,
आणि जागा पुरेना तेव्हा पान उलटलं.

घंटा झाली. मी सेतू उचलला.
काटा शून्यावर येऊन बसला,
दोन्ही बीकर तसेच भरलेले,
एक निळा, एक बिनरंगी.
तांबं पुसून डबीत ठेवलं.
जस्त हातात घेतलं तर मधूनच वाकलं,
पापडासारखं पातळ झालेलं.
रजिस्टर उघडून लिहिलं,
जस्त पट्टी, नवी मागवणे.
ही नववी.