पांढऱ्या फडक्याचा आठवडा

आज आकडा लाल आहे.
फोन सांगतो, मुलांना बाहेर काढू नका.
मी खिडकीची काच पुसते, वोद्नो डोंगर दिसतो का बघते.
दिसत नाही.
असेल जागेवर, असं धरून चालायचं.
डिसेंबरातल्या स्कोप्येत आम्ही बरंच काही
धरूनच चालतो.

नेवेना दारात उभी. डोक्यावर हेल्मेट,
एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा.
“सायकल?”
“आज नको.”
“कालही ‘आज नको’च होतं.”

मग गाडी.
शाळा आठशे पावलांवर. तिनं मोजलीयेत.
गारठ्यात आठशे चाळीस,
कारण डबकी गोठतात आणि वळसा पडतो.
गाडीनं वीस मिनिटं.
पुढे गाडी, मागे गाडी, प्रत्येकीत एकेक मूल,
काचा बंद, हीटर सुरू,
आणि चाकामागे माझ्यासारखीच कुणीतरी,
हवेपासून लेकराला वाचवायला निघालेली.

शेजारचा त्रायको कारखान्यातून
फर्निचरचे तुकडे आणतो. व्हार्निश लावलेले.
चुलीत झकास पेटतात, म्हणतो.
त्याला मी काय बोलणार?
लाकडाचा भाव त्याला ठाऊक, मलाही.
रात्री त्याच्या धुराड्याकडे बघत
मी मनातल्या मनात त्याला नावं ठेवते
आणि सकाळी त्याच्याच दारासमोर
इंजिन गरम होईपर्यंत थांबते.

सोमवारी स्पासियाबाईंनी सांगितलं,
घरून एक पांढरं फडकं आणा, हातरुमालाएवढं.
मी उशीचा जुना अभ्रा कापला.
नेवेनानं कोपऱ्यात शाईनं नाव घातलं.
सव्वीस फडकी शाळेच्या कुंपणाला, चिमट्यांनी,
जणू बुटक्या माणसांच्या गावातलं धुणं.
बुधवारी ती तापातल्या जिभेसारखी.
शुक्रवारचा रंग विचाराल, तर
फळ्यावरून डस्टर फिरवल्यावर उरतो, तो.

परतताना, पुलाजवळ गाड्या तुंबलेल्या,
तिनं ते दप्तरातून काढून मांडीवर पसरलं.
“यातलं त्रायकोकाकांचं कुठलं?”
“असं कसं सांगणार? सगळं मिसळतं.”
“बसचं?”
“तेही.”
तिनं बोट ओलं करून एक जागा घासली.
बोटाकडे बघितलं, मग समोरच्या काट्यांकडे,
पेट्रोलच्या, वेगाच्या. वेगाचा शून्यावर.
“मग आपलंही आहे.”
प्रश्न नव्हता तो.
सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न.
मला पहिला गिअर सापडेना.

पुढच्या सोमवारी चालत गेलो.
शूरपणा वगैरे काही नाही. आकडा लालच होता.
तिच्या तोंडावर मोठ्यांचा मास्क,
दोऱ्यांना गाठी मारून लहान केलेला.
हमरस्ता सोडून बेकरीमागच्या गल्लीतून,
जिथे गाडी शिरत नाही.
तिनं मला एक लंगडा कुत्रा दाखवला, त्याचं नाव सांगितलं.
निष्पर्ण झाडावर एकच डाळिंब, चिमण्यांनी पोखरलेलं.
वर्गातल्या कुणाचे आईबाबा वेगळे राहायला लागलेत.
महिनाभर मागच्या सीटवरून
यातलं काही ऐकू आलं नव्हतं.

तीनशेव्या पावलाला ती खोकली.
मी थांबले.
गाडी तीनशेच पावलं मागे होती,
किल्ली खिशात, माझ्या मुठीत गरम झालेली.
“चल ना,” ती म्हणाली, “आकडा चुकतो माझा.”

आम्ही बरोबर केलं का, मला अजून सांगता येत नाही.
डॉक्टर एक म्हणतात, माझी बहीण दुसरं,
फोन तर रोज नवीन काहीतरी.

फडकं दोनदा उकळलं. पांढरं झालं नाही.
शेवटी नेवेनानं ते सायकलच्या साखळीला घेतलं.
आता त्यावर तेल आहे, ग्रीस आहे, गंज आहे.
कोपऱ्यातलं नाव तेवढं
अजून वाचता येतं.