चाई

आदगोंडा मगदूम माझं गिऱ्हाईक,
एकवीस वर्षं, दर दुसऱ्या रविवारी.
डोक्यात दोन भोवरे, डाव्या कानामागे तीळ.
मानेला वस्तरा लागला की खांदा उडायचा,
म्हणून मी आधी बोट ठेवायचो,
मग पातं.

चैत्रात त्यांची दीक्षा ठरली.
पत्रिका द्यायला दुकानात आले,
खुर्चीत मात्र बसले नाहीत.
"आता हातानंच, अण्णू," म्हणाले.
मी उगाच फणी पुसत राहिलो.
खोटं कशाला बोलू, मनात आलं होतं:
एक गिऱ्हाईक गेलं.

मांडव मिरजेबाहेर, उसाच्या रानाला लागून.
माइकवर कुणीतरी स्तवन म्हणत होतं
आणि आदगोंडा राखेत बोटं बुडवून
चिमटीचिमटीनं स्वतःला उपटत होते.
लोकांना आवाज येत नव्हता.
मला येत होता,
ओल्या मातीतून हरळी सुटावी तसा.
खांदा एकदाही उडाला नाही.
शेवटी कानामागचा तीळ उघडा पडला,
एवढ्या जयजयकारात
तो एकटाच माझ्या ओळखीचा.

बाकी देवधर्म मी डोक्यांवरूनच शिकलो.
विहारात श्रामणेर शिबिर लागलं
की एका सकाळी बेचाळीस पोरांची डोकी करतो.
भंतेजी एकदा म्हणाले, बस घटकाभर,
नाकाच्या शेंड्यावर श्वास बघ.
बसलो. श्वास कुठला,
शेंड्यावर कुणाचा तरी केस चिकटलेला.
न खाजवता बसलो. पाच मिनिटं.
पाचच.

शेजारी इलाही सतारीला तारा चढवतो.
त्याच्यासोबत एक रोजा धरला, ऐन वैशाखात.
दुपारी चारला साबणाचा फेस
सायीसारखा दिसायला लागला.
गिऱ्हाईक बोलत होतं
आणि मी, जन्मात पहिल्यांदा, नुसता ऐकत होतो;
उत्तर द्यायला तोंडात ओल नव्हती.
सांजेला पाणी घशातून उतरलं
ते मला थेट बेंबीपर्यंत कळलं.

मिशन दवाखान्यातल्या शांतवन लोंढेबरोबर
उत्तम शुक्रवारी गुडघे टेकले.
दिवसभर उभं राहणाऱ्याचे गुडघे,
त्यांना वाटलं, सुट्टी मिळाली.
प्रार्थना संपेपर्यंत गैरसमज दूर झाला.
शांतवननं काखेत हात घालून उठवलं,
पेशंटला उठवतो तसं.

मग एका रात्री शटर खाली ओढलं.
बंबातली राख पुडीत आणली होती, चाळून.
समोर आरसा, मागे आरसा,
मधे खुर्चीत मी.
कानशिलाच्या वर चिमूट धरली.
एक. दोन.
पाचव्याला डोळ्यांत पाणी आलं.
रडू नव्हतं ते, नुसतं पाणी,
कांदा चिरताना येतं तसलं.
अकराव्याला खांदा उडाला.
आरशातल्या आरशात, पार लांबपर्यंत,
रांगेनं बसलेल्या सगळ्या न्हाव्यांचे
खांदे उडाले.

आदगोंडांना विचारावंसं वाटतं.
पण आता ते महाराज, नावही दुसरं,
आणि विहार करत कर्नाटकात गेलेत म्हणे.

रोज पोतंभर केस झाडून टाकतो मी.
ते अकरा चिमटी केस मात्र
कागदात गुंडाळून गल्ल्यात ठेवले.
का, ते माहीत नाही.

सकाळी पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं,
"अण्णू, चाई पडली काय रे? औषध लाव."
"लावतो," म्हणालो.
आणि त्याच्या मानेवर
आधी बोट ठेवलं.