खोकला

उद्यमबागेत दिवसभर मी बुश मोजतो.
व्हर्नियर लावतो, शंभरातले दोन बाजूला काढतो,
आणि सहा वाजता साबणानं हात धुताना
मोनाप्पाला विचारायचो:
आज कुठं?

मोनाप्पा कणबरकर, आमच्या लेथवरचा,
रात्री बेस वाजवायचा.
त्याच्यामुळे लागलं हे सगळं.
पहिल्यांदा म्हणाला,
"येवलास काय बे, का घरात झोपूलास?"
गेलो. वडगावात, मागाच्या खोलीत.
दोन माग विकून झाले होते,
उरलेल्या दोनांवर चादर,
आणि मधल्या जागेत तीन पोरं, एक मुलगी.
बँडचं नाव तिसरं गेट.
का, विचारलं, तर जोया किल्लेदार म्हणाली,
सगळे तिथंच थांबतात आणि शिव्या देतात, म्हणून.

ड्रम इराण्णाचे. तो मागाच्या आवाजात वाढलेला.
चौथ्या ठोक्याला किंचित उशीर करायचा,
धागा तुटल्याचं हाताआधी कानाला कळतं
तसं काहीतरी.
मला नीट सांगता येत नाही.
मी मोजणारा माणूस.

म्हणून मोजायचो.
कँपात, चर्चमागच्या हॉलमध्ये, एकतीस.
खानापूर रोडच्या हॉटेलात नऊ, त्यातला एक वाढपी.
अनगोळला गच्चीवर चौदा
आणि एक कुत्रं, जे शेवटपर्यंत थांबलं.
दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर लिहायचो.
बायको म्हणायची, तिथं तुमचं कोण लागतं?

पोस्टरवरून एकदा भांडण झालं.
कुठल्या भाषेतलं नाव वर, कुठलं खाली.
प्रेसवाला म्हणाला, दोन्ही टाका,
कुठलं फाडायचं ते फाडणारे बघतील.
इराण्णा चिडला, मोनाप्पा सिगरेट ओढायला बाहेर.
शेवटी नुसतं फाटकाचं चित्र छापलं.
त्या नादात तारीखच राहिली.
आले तरी बावीस.

आणि तो बंदचा दिवस.
गोगटे सर्कलला पोलिसांची व्हॅन,
कुठल्याशा गावात कुठल्याशा बसच्या पाटीला काळं.
आम्ही शहापुरात गॅरेजचं शटर आतून ओढलं,
अँपवर गोणपाट टाकलं.
सोळा माणसं, टायरांवर बसलेली.
जोया कुजबुजीत गायली,
थोडं मराठी, थोडं कन्नड,
मधेच तिच्या घरातल्या दखनीतलं काही,
ज्याचा अर्थ मी अजून विचारलेला नाही.
शटरवर कुणीतरी काठी आपटली.
तीनदा.
इराण्णानं तोच ठोका उचलला
आणि गाणं त्यावर चालू ठेवलं.
बाहेरचा माणूस थोडा वेळ थांबला असावा.
मग बूट लांब गेले.

त्या दिवसाचं तेवढं एक रेकॉर्डिंग उरलंय.
दोन मिनिटं अकरा सेकंदांना
माझा खोकला ऐकू येतो.
तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

इराण्णा आता दोहाला एसी बसवतो.
जोया हुबळीच्या बँकेत, थकलेल्या कर्जांच्या टेबलावर.
फोनवर म्हणते, घसा? तो आता गिऱ्हाइकांवर काढते.
गॅरेजात सोलरचं दुकान.
मोनाप्पा लेथवरच आहे, विषय काढत नाही,
पण मशीन सुरू होईस्तोवर
त्याची चार बोटं हँडलवर चालत असतात.
मी बघत नाही असं दाखवतो.

परवा कळलं, टिळकवाडीत कॉलेजची पोरं वाजवणार.
गेलो एकटाच. मागं उभा राहिलो.
दारातल्या पोरीनं विचारलं,
"काका, तुम्ही कोणाचे?"
म्हणजे, आत वाजवणाऱ्यांपैकी कोणाचे वडील.
या गावात हा प्रश्न
इतक्या साधेपणानं मला कुणी विचारला नव्हता.
मी म्हटलं, तिकीट किती?
शंभर. दिले.

ड्रमर धावत होता. गिटार अर्धा सूर खाली.
सदतीस माणसं. मला धरून अडतीस.
तिसऱ्या गाण्याला घसा खवखवायला लागला,
आणि पुढं कुणीतरी
फोन वर धरून रेकॉर्ड करत होतं.